विहिरीच्या जागी कडुलिंब

“ही विहीर नाही मॅडम, हे कडुलिंबाचं झाड आहे,” असं ते चष्मेवाले साहेब माईकमध्ये म्हणाले आणि सगळा हॉल हसला. मोठ्यानं नाही. शिकलेली माणसं हसतात तसा, नाकातून. स्टेजवर माझी मुलगी सविता उभी होती. तिच्या मागच्या पडद्यावर आभाळातून काढलेला रानाचा फोटो होता, आणि तिनं लावलेला तांबडा ठिपका बरोबर झाडाच्या शेंड्यावर बसला होता. साहेबांनी फोटो आणखी मोठा केला. बांधाच्या पलीकडं एक काळा गोल दिसायला लागला. “विहीर इथं आहे. तुमचा ठिपका इथं. मध्ये बांध. म्हणजे तुमच्या यादीप्रमाणं या माणसाची विहीर शेजाऱ्याच्या रानात गेली. आता बाकीच्या विहिरींवर आम्ही विश्वास कसा ठेवायचा?”

मी शेवटच्या रांगेत बसले होते. मांडीवर तिची दहा महिन्यांची मुलगी ईश्वरी झोपली होती. तो ठिपका झाडावर कसा गेला, हे त्या हॉलमध्ये मला एकटीला ठाऊक होतं. निदान मला तसं वाटत होतं. मी उठले नाही.

थंडी पडली की मला तो हॉल आठवतो. बाकीच्यांना थंडीत हुरडा आठवतो, गड्डा जत्रा आठवते. मला परिषद आठवते. नकाशेवाल्या आणि कॉम्प्युटरवाल्या लोकांच्या परिषदा थंडीतच होतात. सवी म्हणायची, उन्हाळ्यात हे लोक रानात असतात आणि पावसात आभाळ झाकलेलं असतं, वरून काही दिसत नाही. मग थंडीत एकमेकांना भेटतात आणि काय केलं ते सांगतात. तिची कंपनी लहान होती. गावांचे, नळांचे, रस्त्यांचे नकाशे करायची. सवी तिथं शिकत शिकत मोठी झाली आणि त्या वर्षी कंपनीनं तिला पहिल्यांदा परिषदांना पाठवायचं ठरवलं. पोर अंगावर पिणारी. बाटली तोंडाला लावली की बाटलीलाच चावायची. जावई मोहोळला नोकरीला, त्यांना सुट्टी नाही. मग पोरीला सांभाळायला मी. मी चौथी शिकलेली. टॉवेलच्या कारखान्यात कडा शिवण्यात माझा जन्म गेला. अशी बाई त्या थंडीत तीन परिषदांना जाऊन आली.

पहिली हैदराबादला. दारातच टेबल मांडलेलं, त्यामागं बसलेली मुलगी प्रत्येकाचं नाव लिहून कार्ड गळ्यात घालत होती. मला हिंदीत विचारलं, आप कौन-सी संस्था से? मी म्हटलं, बच्ची की नानी. ती हसली आणि माझं नाव लिहून खालची ओळ कोरी ठेवली. सगळ्यांच्या नावाखाली काही ना काही होतं, कंपनी, कॉलेज, खातं. माझ्या नावाखाली कोरं. मला त्याचं काही वाटलं नाही. ईश्वरीनं त्या कार्डाचा कोपरा दोन दिवसांत चघळून मऊ केला.

आत इतकी थंडी की मी घरून नेलेली चादर पोरीला गुंडाळून बसायचे. बाहेर ऊन, आत हिवाळा. पायाखाली जाड गालिचा, पाऊल टाकलं तरी आवाज नाही. माणसं चालताना दिसायची पण ऐकू यायची नाहीत, ते मला अजिबात आवडलं नाही. कारखान्यात चाळीस मशीनींचा आवाज अंगात भरलेला, अशा शांततेत माझे कान दुखायचे. तिथं झाडणाऱ्या एका बाईनं तेलुगूत विचारलं, पोर कुणाची. मी मोडक्या तेलुगूत सांगितलं. शेजारच्या मशीनवरच्या बायकांकडून तेवढं आलं होतं. मग ती दर तासाला यायची, पोरीचा गालगुच्चा घ्यायची आणि जाताना मला दोन बिस्किटं देऊन जायची.

भिंतींवर नकाशे लावलेले. तांबडे, निळे, हिरवे. मी पोरीला कडेवर घेऊन सगळे बघत फिरायचे. लिहिलेलं इंग्रजीत, मला नुसते रंग कळायचे. एवढ्या नकाशांत मला कुठं माणूस दिसला नाही. सवीला तसं म्हटलं. ती पोरीला पाजत बसली होती, म्हणाली, “एवढ्या उंचावरून माणूस दिसत न्हाय आई. माणसानं केल्यालं तेवढं दिसतं. बांध, विहीर, रस्ता.”

“आनि न केल्यालं?”

“ते बी दिसतं,” ती म्हणाली. “लई ठळक दिसतं.”

दुसरी परिषद पुण्याला झाली. तिथं सवीनं पहिल्यांदा पेपर वाचला. मी मागं उभी राहून ऐकलं. इंग्रजीत होतं, त्यामुळं मी तिचे हात बघत होते. लहानपणी शाळेत कविता म्हणताना ती फ्रॉकचा घेर मुठीत धरायची. इथं तिचे हात मोकळे होते. एकदाही तिनं साडीला हात लावला नाही. खाली उतरली तर दोन म्हातारे साहेब तिच्याशी उभ्या उभ्या बोलत राहिले आणि त्यातल्या एकानं स्वतःची खुर्ची पुढं केली. मला तेवढं पुरे होतं. माझ्यासाठी आजवर कुणी खुर्ची पुढं केलेली नाही आणि मी त्याची वाटही पाहिली नव्हती. पण लेकीसाठी केलेली बघितली.

तिसरी परिषद सोलापुरात होणार होती. तिचं काम आपल्याच जिल्ह्याचं होतं, कठडा नसलेल्या विहिरींचं. काळ्या रानात जमिनीबरोबर तोंड असलेल्या जुन्या विहिरी आहेत. गवत वाढलं की दिसत नाहीत. जनावर पडतं, कधी माणूस पडतं. त्या सगळ्या शोधायच्या, प्रत्येकीची नेमकी जागा घ्यायची, यादी करायची. परिषदेत ती यादी जाणकारांनी तपासून चांगली म्हटली तर जिल्ह्याच्या कचेरीत जाणार होती आणि मग कठड्यांचं काम निघणार होतं. शंभरावर विहिरी तिनं पायानं फिरून घेतल्या होत्या, काही तर पोट पुढं आलेलं असताना. मला म्हणायची, “आई, ह्यातनं एक जरी वाचलं ना, तर माझं शिक्षण वसूल.” ती असलं फार बोलणारी नव्हती. हे बोलली, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

शेवटच्या पंधरा-वीस विहिरी राहिल्या होत्या, मंद्रूपच्या बाजूच्या. तिच्याबरोबर काठी धरायला येणारा माणूस नोकरी सोडून गेला. काठी म्हणजे डोक्याएवढ्या उंचीचा दांडा, वर पांढरं ताट बसवलेलं, मध्ये पाण्यातला बुडबुडा. काठी सरळ असली की बुडबुडा गोलाच्या मधोमध येतो. ताट आभाळातल्या उपग्रहांशी बोलतं आणि जागा सांगतं. सवी म्हणाली, “तू धरशील का? नुसतं सरळ उभं राहायचं.” मी म्हटलं, जन्मभर बसून काम केलं, आता उभी राहते.

पौषातले दिवस. सकाळी दहापर्यंत थंडी आणि त्यानंतर सोलापूरचं ऊन, थंडीतसुद्धा डोक्यात जाणारं. तुरी काढून झालेल्या, ज्वारी हुरड्याला आलेली. कुठंतरी आगटी पेटलेली असायची आणि भाजलेल्या कणसांचा वास वाटेवर यायचा. सवी गाडी चालवायची, मी मागं, मध्ये झोळीत पोर. ती काठी माझ्या खांद्यावर. वाटेवरच्या बायका विचारायच्या, कसला झेंडा घेऊन निघालाय? सवी म्हणायची, “विहिरीचं लगीन हाय, वरात घेऊन चाललोय.” इतकी हसरी मी तिला लग्नानंतर पाहिली नव्हती. मला वाटतं, ते चार-पाच दिवस तिच्या आयुष्यातले चांगले दिवस होते. माझे तर होतेच.

मल्लप्पाअण्णांच्या रानात आम्ही दुपार कलल्यावर पोचलो. वाटेच्या कडेला त्यांची खोपी. पुढं शेजाऱ्याची ज्वारी, डोक्याच्या वर गेलेली. ज्वारीच्या टोकाला एक मोठा कडुलिंब. मग बांध, आणि बांधाच्या पलीकडं मल्लप्पाअण्णांची तुरीची पट्टी. विहीर त्या पट्टीत.

“विहीर मोजायला आलाव?” मल्लप्पाअण्णा म्हणाले. “मोजून काय तिला सासरला धाडायची हाय?”

“कठडा बांधायचाय मामा,” सवी म्हणाली. “यादी करायलोय आमी.”

“यादी लई झाल्या बाई. माझ्या बापाच्या येळंपासनं यादीच चाललीया. एक बी दगड आला न्हाय. बसा की अक्का, हुरडा खावा, उभ्या का?”

सवी खोपीच्या सावलीत बसली, पोर मांडीवर झोपलेली, हातात ते पाटीसारखं यंत्र. त्यात तिला त्यांचं नाव, गट नंबर, विहीर किती खोल, पाणी कधी आटतं, सगळं भरायचं होतं. मला म्हणाली, “आई, तू काठी घेऊन हो पुढं. काठावर धर. बुडबुडा गोलात आला की आरोळी दे. मी हितनं बटन दाबते.”

मी निघाले. ज्वारीतून वाट होती. कडुलिंबापर्यंत ठीक गेले. बांधावर चढले आणि पुढं पाहिलं. तुरीची पट्टी कापलेली, खुंटच खुंट उभे. तुरीचं धसकट म्हणजे लाकडी खिळा. चपलेतून वर येतं. माझ्या टाचा थंडीनं फुटल्या होत्या आणि सकाळीच एक धसकट त्या भेगेत शिरलं होतं, रक्त वाळून चप्पल चिकटली होती. विहीर समोर दिसत होती. चाळीस-पन्नास पावलं असतील. मी बांधावरून परत फिरले, कडुलिंबाखाली काठी टेकवली, बुडबुडा गोलात आणला आणि आरोळी दिली.

एवढंच. कारण मोठं असतं तर आज सांगायला बरं वाटलं असतं. भीती वाटली, चक्कर आली, साप निघाला. काही नाही. टाच दुखत होती आणि दिवसभरात तोवर चार विहिरी झाल्या होत्या. चाळीस पावलांनी आभाळाला काय फरक पडतो, असा माझा हिशोब. मी ज्या कारखान्यात काम केलं तिथं बोटभर कड वाकडी गेली तर टॉवेल बाजूला पडायचा, हे मला ठाऊक होतं. तरी रानात मला ते सुचलं नाही. रान मला मोठं वाटलं.

मशीन आकडा धरेना. नेहमी पाच मिनिटांत व्हायचं. ज्वारीच्या पलीकडून सवीचा आवाज आला, “आई, वरती आभाळ मोकळं हाय का?”

मी वर बघितलं. कडुलिंबाचा पाला होता, त्यातून ऊन ठिपक्या-ठिपक्यानं अंगावर पडत होतं.

“हाय,” मी ओरडले. “मोकळं हाय.”

बऱ्याच वेळानं तिनं झालं म्हणून सांगितलं. फोटोही घ्यायचा असतो विहिरीचा. पण पोर उठून रडायला लागली, मल्लप्पाअण्णा हुरडा चोळत म्हणाले, “राहू द्या आता, लेकरू भुकेजलंय,” आणि अजून दोन विहिरी दिवस मावळायच्या आत करायच्या होत्या. सवी म्हणाली, फोटो नंतर घेऊ. तो नंतर आला नाही. मी हुरडा खाल्ला. चांगला होता, दुधाळ.

बाकीच्या प्रत्येक विहिरीवर मी काठापर्यंत गेले, हेही सांगते. ही एकच. नेमकी हीच त्या साहेबांच्या हाताला लागली. त्यात त्यांचा राग नव्हता, डाव नव्हता. यादी त्यांच्याकडं तपासायला आधीच गेली होती. त्यांनी पाच-सहा ठिपके उचलले आणि फोटोवर ठेवून पाहिले. चार बरोबर निघाले असतील, ते त्यांनी सांगितले नाहीत. तपासणारा माणूस चुकलेलंच दाखवतो. आमच्या कारखान्यातही तसंच होतं.

हॉल हसला तेव्हा सवी पडद्याकडं वळली. पाठमोरी उभी राहून तिनं तो ठिपका बघितला. किती वेळ ते मला सांगता येत नाही. मग वळली आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून मागं, शेवटच्या रांगेकडं तिनं पाहिलं. मला वाटलं, पोरगी झोपली का ते बघते आहे. मी पोरीच्या पाठीवर हात फिरवला, झोपली आहे असं दाखवायला.

“चूक माझी आहे सर,” ती मराठीतच म्हणाली. “जागेवर मी स्वतः जायला हवं होतं.”

घंटी वाजली. तिची वेळ संपली होती. पुढचा माणूस स्टेजवर चढत होता आणि ती उतरत होती, पायऱ्या अरुंद, दोघं एकमेकांना वाट देत थांबले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या लोकांत प्रत्येकाला टाळ्या वाजवतात.

चहाच्या वेळी तिच्याभोवती कुणी नव्हतं. तिच्याबरोबर काम करणारी यास्मिन तेवढी कप घेऊन आली. जेवढी उर्दू तेवढीच मराठी बोलणारी मुलगी, तोंडानं फटकळ. म्हणाली, “उस साहेब को बोल, एक दिन चल मंद्रूप, धूप में. फिर हस.” सवी हसली नाही. कप हातात धरून राहिली. चहावर साय आली तरी धरून राहिली.

घरी येताना रिक्षात तिनं पोरीला पदराखाली घेतलं. सात रस्त्याला सिग्नल लागला. तेव्हा ती म्हणाली, “आई, टाच बरी हाय का तुझी?”

“हाय,” मी म्हटलं. “मलम लावलं.”

“बरं,” ती म्हणाली.

त्या वेळी मला ते माया केल्यासारखं वाटलं.

यादी कचेरीत गेली नाही. एका विहिरीपायी बाकीच्या सगळ्या खोट्या ठरल्या. कंपनीच्या साहेबांनी तिला पुन्हा तपासणीसाठी माणूस दिला नाही, वेळ दिला नाही. काम काढून घेतलं आणि तिला ऑफिसात खुर्चीवर बसवलं. नळाच्या रेषा ओढायच्या, पडद्यावर बघून. ते काम कुणालाही येतं. पुढच्या थंडीत ती परिषदेला गेली, पण दाराजवळच्या टेबलावर कंपनीची पत्रकं वाटायला. पेपर तिनं पुन्हा वाचला नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, पोर लहान आहे. पोर शाळेत जायला लागली तरी तेच म्हणायची. मला रानात बरोबर चल असं ती पुन्हा कधी म्हणाली नाही. तिलाच कुणी रानात पाठवत नव्हतं, त्यामुळं मी त्याचा वेगळा अर्थ लावला नाही.

त्या यादीतल्या विहिरींना कठडे झाले नाहीत. पुढच्या वर्षांत त्यांत कुणी पडलं का, हे मी कुणाला विचारलेलं नाही. विचारायला तोंड नाही.

सांगावं असं मला शंभरदा वाटलं. भाकरी थापताना वाटायचं, पोरीची वेणी घालताना वाटायचं. सवी समोर बसून डबा भरत असायची. मी तोंड उघडायचे आणि म्हणायचे, चटणी जास्त घे. दिवस गेले की गोष्ट लहान होईल अशी माझी समजूत होती. गोष्ट लहान झाली नाही. आम्हीच तिच्याभोवतीनं चालायला शिकलो, घरात मोठं कपाट असतं तसं.

मग ती आजारी पडली. कॅन्सर. औषधं केली, मोठा दवाखाना केला, जावयांनी काही कमी केलं नाही. गेल्या थंडीत ती दवाखान्यात होती. दुपारची वेळ, खिडकीतून ऊन तिच्या पायांवर आलेलं, मी तिचे पाय चेपत होते. तिच्या टाचा मऊ होत्या. खुर्चीवर बसून काम करणाऱ्या माणसाच्या टाचा. त्या बघून माझ्या तोंडून निघालंच.

“सवे, त्या मल्लप्पाच्या विहिरीची काठी मी काठावर धरली नव्हती. झाडाखाली धरली होती.”

“मला म्हायती हाय,” ती म्हणाली.

“कधीपासनं?”

“झाडाखाली मशीन तसंच करतं गं. आकडा धरत न्हाय. मला तितंच शंका आली हुती. तू म्हणालीस, आभाळ मोकळं हाय. मग मी इचारलं न्हाय. आईला किती येळा इचारायचं?” थोडा दम घेऊन म्हणाली, “पडद्यावर झाड बघितलं आनि कळलं.”

“मग सांगायचं तितं. आईनं केलं म्हणायचं.”

“तेवढ्या माणसांत? माझी चौथी शिकलेली आई काठी धरत हुती आनि ती चुकली, असं सांगू? मग यादीच काय, मीच कचरा झाले असते.” ती जरा हसली. “आनि तू मागं बसली हुतीस की. ईश्वरीला घेऊन.”

“मला रागवायचं तरी.”

“रागावले की. परत कधी रानात नेलं का तुला?”

मी पाय चेपत राहिले. मला वाटलं तिला झोप लागली. मग डोळे न उघडता म्हणाली, “मागं बघितलं हुतं मी. एक मिनिट वाटलं, आई उठंल.”

मी तिच्या पायांवर पांघरूण ओढलं. नर्स आली, सलाईन बदललं, मला बाहेर थांबायला सांगितलं. दहा-बारा दिवसांनी सवी गेली.

या वर्षी थंडी लवकर पडली. यास्मिन घरी आली होती. आता ती त्याच कामात मोठ्या जागेवर आहे, डोक्यावर एक पांढरी बट, तोंड तसंच फटकळ. म्हणाली, “मावशी, या महिन्यात सोलापुरात परिषद आहे. विहिरींवर मीच बोलणार. आता ड्रोननं केल्या सगळ्या. पण सुरुवात सविताच्या यादीवरूनच केली. तुम्ही यायचं. नाही म्हणायचं नाही, मी गाडी पाठवते.”

गेले. विजापूर रोडला नवा हॉल, गालिचा तसाच, थंडी तशीच. दारातल्या मुलीनं माझ्या कार्डावर नावाखाली ‘निमंत्रित’ असं छापलं. यास्मिननं मला पुढच्या रांगेत बसवायला पाहिलं. मी शेवटच्या रांगेत जाऊन बसले. ती मराठीतून बोलली, बहुतेक माझ्यासाठी. पडद्यावर सविताचा फोटो आला, काठी खांद्यावर घेतलेला. तो फोटो कधी काढला मला आठवत नाही. यास्मिन म्हणाली, आधीची यादी एका चुकीमुळं बाजूला पडली, नाहीतर हे काम तेव्हाच झालं असतं.

शेवटी स्टेजवरून विचारलं, कुणाला काही विचारायचं आहे का. मी उठले. माईक घेऊन एक बाई आली, मला तो कसा धरायचा ते तिनं दाखवलं.

“मी सविताची आई,” मी म्हटलं. “ती एक चूक म्हणालात ना, ती तिची न्हवती. काठी मी धरली हुती. माझी टाच दुखत हुती म्हणून मी झाडाखाली हुबी राहिले आनि विहीर आली म्हणून वरडले. तिनं इचारलं तवा खोटं बोलले. त्या दिवशी मी अशीच मागं बसले हुते. तवा बोलले न्हाय. एवढंच सांगायचं हुतं.”

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवल्या. पुढच्या रांगेतली एक तरुण मुलगी डोळे पुसत होती. स्टेजवरचे अध्यक्ष उभे राहिले, म्हणाले, आजच्या सत्रातला हा सर्वांत हृद्य क्षण. मी त्यांना हृद्य काही सांगितलं नव्हतं. मी चूक कबूल केली होती, तिला टाळ्या कशाला? पण ती माणसं चांगली होती आणि त्यांना दुसरं काय करावं ते सुचलं नसेल. घंटी वाजली. पुढच्याची वेळ झाली होती.

ते चष्मेवाले साहेब आले नव्हते. कधीच निवृत्त झाले म्हणे. मला ज्या दोघांना ऐकवायचं होतं त्यांतलं कुणीच तिथं नव्हतं.

चहाला यास्मिन माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिनं माझा दंड धरला होता, सोडत नव्हती. मी विचारलं, “नव्या नकाशात मल्लप्पाची विहीर बरोबर जागी घेतलीस ना?”

“ती विहीर नाही आता मावशी,” ती म्हणाली. “बुजवली. रस्ता रुंद केला ना, त्यात गेली. झाडही गेलं.”

म्हणजे दुरुस्त करायलाही काही उरलेलं नाही. ज्यांच्यावरून हे झालं ती दोन्ही आता नकाशात नाहीत. मी चहा प्यायले. गाडीनं मला घरी आणून सोडलं.

ईश्वरी अभ्यास करत बसली होती. मला विचारलं, “आजी, कशी झाली परिषद?” मी म्हटलं, झाली. तिनं माझ्या गळ्यातलं कार्ड काढून टेबलावर ठेवलं आणि पुन्हा वहीत डोकं घातलं. लिहिताना ती ओठ दाबते, आईसारखी. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. सांगीन. या वेळी वाट बघणार नाही, असं ठरवलं आहे. पण माझ्या ठरवण्यावर माझाच फार भरवसा नाही.

विहिरीच्या जागी झाड निघालं त्या दिवशी हॉलमध्ये आम्ही घरच्या तिघी होतो. सविता गेल्या थंडीत गेली. ईश्वरी सहावीत आहे, ती तेव्हा झोपली होती. राहिले मी.